व्हीपीएन चालू ठेवून काढलेला पोर्ट स्कॅन म्हणजे दुसऱ्याच्या दाराची पाहणी!

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण ज्यांची ठेव पतसंस्थेत आहे, ज्यांच्या दुकानात कॅमेरे लावलेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी. विषय कॉम्प्युटरचा वाटेल, पण आहे तो आपल्या पैशाचा.

सप्टेंबर म्हणजे संस्थांच्या वार्षिक सभांचा महिना. अहवाल घरोघरी येतात, आपण लाभांशाचा आकडा बघतो आणि अहवाल टीव्हीखाली ठेवून देतो. आपल्या भागातल्या एका पतसंस्थेच्या सभासदानं मला एक कागद आणून दिला. संस्थेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. कागदाचं शीर्षक ‘सायबर सुरक्षा तपासणी’. खाली दोन ओळी: ओपन पोर्ट ८० आणि ४४३, बाकी सर्व फिल्टर्ड. निष्कर्ष: यंत्रणा सुरक्षित. सही, शिक्का, बिल.

कागदाच्या वर तपासलेला आयपी पत्ता छापला होता. तो कुणाच्या नावावर आहे हे इंटरनेटवर कुणालाही फुकट बघता येतं. मी बघितलं. पत्ता नेदरलँड्समधल्या एका डेटा सेंटरचा निघाला.

आता सांगा, वेदगंगेच्या काठावरच्या संस्थेचा पत्ता नेदरलँड्समध्ये कसा गेला?

उत्तर सोपं आहे. ज्या कॉम्प्युटरवरून तपासणी केली, त्यावर व्हीपीएन चालू होतं. तपासणाऱ्यानं एक वेबसाईट उघडली, ‘स्कॅन’चं बटण दाबलं, आलं ते छापलं. त्या वेबसाईटनं संस्थेचं दार बघितलंच नाही. व्हीपीएन कंपनीच्या परदेशातल्या सर्व्हरचं दार ठोठावलं आणि त्याचा निकाल दिला. ते ८० आणि ४४३ संस्थेचे नव्हतेच, त्या सर्व्हरचे होते.

साध्या भाषेत सांगतो. व्हीपीएन म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरपासून दूरच्या एका सर्व्हरपर्यंत टाकलेली बंद नळी. तुमची सगळी ये-जा त्या नळीतून होते आणि जगाला दिसतो तो पलीकडच्या टोकाचा पत्ता. तुम्ही मुरगुडात राहता, पण सगळी पत्रं निपाणीच्या एका लॉजच्या पत्त्यावरून पाठवता, असं समजा. आता कुणाला सांगितलंत, ‘माझ्या घराच्या कड्या तपासून या’, तर तो बिचारा लॉजवर जाणार, लॉजचे दरवाजे ढकलून बघणार आणि म्हणणार, ‘एकदम टाईट हाय!’ लॉजचं टाईट असेल ओ. तुमच्या परसदाराचं काय?

हाच खेळ उलटाही चालतो. एका दुकानदाराला असाच कागद दाखवला गेला. ‘तुमचा २२ नंबरचा पोर्ट उघडा आहे, हॅकर आत शिरलाय, फायरवॉलचं मशीन घ्यावं लागेल.’ तिथंही मोबाईलवर फुकटचं व्हीपीएन चालू होतं. २२ नंबर व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरचा, तिच्या लोकांनी तो सांभाळण्यासाठी उघडा ठेवलेला. घाबरला मात्र आपला दुकानदार, आणि बिल त्याच्या नावावर.

एक जण खोटा दिलासा विकतो, दुसरा खोटी भीती विकतो. दोघांचा माल एकच: चुकीच्या पत्त्याचा स्कॅन.

आता पोर्ट म्हणजे काय, तेही बघू. एका आयपी पत्त्यावर ० पासून ६५,५३५ पर्यंत क्रमांकाची दारं असतात. प्रत्येक सेवा आपापल्या दारावर बसते. वेबसाईट ८० आणि ४४३ वर, विंडोजची फाईल शेअरिंग ४४५ वर, लांबून कॉम्प्युटर चालवायचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर, कॅमेऱ्याचं चित्र बहुधा ५५४ वर. स्कॅन म्हणजे या दारांवर टकटक करणं. तीन प्रकारची उत्तरं येतात. ‘ओपन’ म्हणजे आतून कुणीतरी ओ दिली. ‘क्लोज्ड’ म्हणजे ‘इथं कोणी नाही’ असं उत्तर आलं. ‘फिल्टर्ड’ म्हणजे उत्तरच आलं नाही, बहुतेक मध्ये फायरवॉलनं टकटक गिळली.

‘ओपन’ दिसलं म्हणजे हॅक झालं असं नाही. सेवा द्यायची तर दार उघडं लागतंच. प्रश्न असतो तो दारामागं कोण बसलंय, त्याचं सॉफ्टवेअर किती जुनं आहे आणि पासवर्ड काय आहे याचा. आणि ‘फिल्टर्ड’ दिसलं म्हणजे सुरक्षित असंही नाही. काही फायरवॉल ठराविक पत्त्यांनाच आत सोडतात. स्कॅन करणाऱ्याला भिंत दिसते, दुसऱ्याला दार. काही फायरवॉल तर स्वतःच सगळ्या दारांवर ‘ओ’ देतात, तेव्हा हजारो पोर्ट उघडे दिसतात आणि मागं काहीच नसतं. शिवाय बहुतेक फुकटच्या वेबसाईट ६५ हजार दारं बघत नाहीत, नेहमीची थोडीशी बघून मोकळ्या होतात.

अजून एक गोम. व्हीपीएन बंद केलं तरी निकाल तुमचाच असेल याची खात्री नाही. मोबाईलच्या नेटवर आणि बऱ्याच ब्रॉडबँडवर कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘वॅन’चा पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या वेबसाईटवरच्या पत्त्याशी जुळत नसेल, तर स्कॅन कंपनीच्या यंत्राचा झाला, तुमच्या राऊटरचा नाही. त्यात आयपीव्ही६ चालू असेल तर तो पत्ता वेगळा, त्याची दारं वेगळी. ती तपासतंय कोण?

आता म्हणाल, एवढं काय अडलंय? सांगतो.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणीचा व्हायरस जगभर पसरला. तो याच ४४५ नंबरच्या दारातून शिरायचा. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती टाकली नाही आणि दार उघडं ठेवलं, ते सापडले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल त्यानं ठप्प केलं. हा व्हायरस युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आला होता आणि मग कंपन्यांच्या आतल्या नेटवर्कमधून मशीनवरून मशीनवर गेला. म्हणजे बाहेरची दारं बंद असून उपयोग झाला नाही, आतल्या खोल्यांची दारं सताड उघडी होती. बाहेरून काढलेला स्कॅन, अगदी बरोबर पत्त्याचा असला तरी, हे दाखवत नाही.

आणि आपल्या सहकारातलं उदाहरण हवं असेल तर पुण्याची कॉसमॉस बँक आठवा. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८. ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर पैसे काढले गेले, आणि त्यात आपल्या कोल्हापुरातली एटीएमसुद्धा होती. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत मालवेअर घालून एटीएमचा एक खोटा स्विच उभा केला. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न खऱ्या यंत्रणेपर्यंत पोचायच्या आधीच तो खोटा स्विच ‘द्या’ म्हणायचा. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं. एवढ्या मोठ्या, जुन्या बँकेत हे घडलं. मग एका पानाच्या कागदावर ‘यंत्रणा सुरक्षित’ असा शिक्का मारणाऱ्याला काय म्हणावं?

त्यानंतर रिझर्व्ह बँकेनं १९ ऑक्टोबर २०१८ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट आणली. पण आपल्या पतसंस्था बँका नाहीत, त्या सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. हे ठेवीदारांतल्या किती जणांना माहीत आहे? ज्याच्या पैशाला विमा नाही, त्याच्याच संस्थेत तपासणीचा कागद सगळ्यात हलका. हे बरोबर आहे का?

आता दोन आक्षेप नेहमी येतात.

पहिला: ‘आमची संस्था लहान, आमच्याकडं कोण येतंय?’ दादा, इथं कुणी नाव वाचून येत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं सॉफ्टवेअर काढलं. चांगल्या जोडणीवर ते जगातल्या सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवरचं एक दार ४५ मिनिटांच्या आत ठोठावून येतं. एवढ्या वेळात आपली मुरगूड-कोल्हापूर एसटी पोचेल का बघा. चोर मशीन लावून सगळ्यांचीच दारं ढकलतो, ज्याचं उघडेल त्याच्या घरात शिरतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामनं असेच जगभरातले कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले. कसे? कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता म्हणून. आपल्याकडं किती जणांनी बदललाय? मोबाईलवर कॅमेरा दिसावा म्हणून बसवणारा पोरगा राऊटरमध्ये पोर्ट उघडून जातो, पासवर्ड तोच ठेवतो, आणि मालकाला त्यातलं काही सांगत नाही.

दुसरा आक्षेप: ‘आम्ही व्हीपीएन आणि फायरवॉल दोन्ही घेतलंय, अजून काय पाहिजे?’ घेतलंय हे चांगलंच आहे, माझा विरोध त्याला नाही. पण कोणतं व्हीपीएन? वेबसाईट बघताना पत्ता लपवणारं वेगळं आणि शाखेला मुख्य कार्यालयाशी जोडणारं वेगळं. पहिल्यानं तुमच्या राऊटरचं एकही दार बंद होत नाही. दुसऱ्यात तर फायरवॉलवर एक दार मुद्दाम उघडं ठेवावं लागतं, नाहीतर शाखा जोडली जाणार कशी? म्हणून ते दार राखणारं सॉफ्टवेअर वेळेवर अपडेट करावं लागतं. फोर्टिनेट ही फायरवॉल बनवणारी जगातली बडी कंपनी. तिच्या सुमारे ८७ हजार यंत्रांवरच्या व्हीपीएनची युजरनेम आणि पासवर्ड बाहेर पडल्याचं सप्टेंबर २०२१ मध्ये कंपनीनंच मान्य केलं. ज्या त्रुटीतून ते गेले तिची दुरुस्ती २०१९ मध्येच आली होती. मशीन घेतलं, पण पुढं कुणी बघितलं नाही. ट्रॅक्टर घेऊन ऑईल न बदलण्यातला प्रकार.

काही जण म्हणतील, पत्रकारानं यात का पडावं? अहो, नालीचं काम निकृष्ट झालं की आम्ही फोटो छापतो. नाली दिसते, पोर्ट दिसत नाही, एवढाच फरक. काम न करता बिल काढणं दोन्हीकडं तेच.

म्हणून सभासदांना माझी विनंती आहे. सभेत लाभांशावर बोलाच, पण उठून हे पाच प्रश्नही विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या:

१. स्कॅन कोणत्या आयपी पत्त्याचा केला, आणि तो पत्ता संस्थेचाच आहे हे इंटरनेट कंपनीकडून लेखी आहे का?

२. स्कॅन कुठून केला? बाहेरच्या वेगळ्या नेटवरून केला का? तेव्हा व्हीपीएन बंद होतं का?

३. सगळे ६५ हजार पोर्ट बघितले की नेहमीचेच थोडे? आयपीव्ही६ बघितलं का? आतल्या नेटवर्कचा वेगळा स्कॅन झाला का?

४. प्रत्येक उघड्या पोर्टसमोर तो कशासाठी उघडा आहे, जबाबदार कोण आणि शेवटचं अपडेट कधी, हे लिहिलंय का?

५. तपासणारा ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या मान्यताप्राप्त ऑडिटरांच्या यादीतला आहे का? ही यादी सगळ्यांना बघायला खुली आहे.

यातल्या पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल तर तो कागद रद्दीत घाला आणि बिल परत मागा. पत्ता बरोबर घेऊन पुन्हा पहिली चाचणी करायला अर्धा तास लागतो, फार खर्चही नाही. संचालकांनी हे आपला अपमान समजू नये. सही त्यांची आहे, उद्या काही झालं तर लोक त्यांच्याच दारात येणार.

सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांना एकच सांगणं: लेखापरीक्षणात रोकड मोजता, कर्जाच्या फायली बघता, तसंच हा कागद कोणत्या पत्त्याचा आहे तेवढं तरी बघा. त्याला कॉम्प्युटरची डिग्री लागत नाही.

दुकानदार आणि घरच्यांसाठी: कॅमेऱ्याचा आणि राऊटरचा पासवर्ड आजच बदला. राऊटरमध्ये ‘यूपीएनपी’ चालू असेल तर बंद करा, त्यामुळं यंत्रं तुम्हाला न विचारता पोर्ट उघडतात. मोबाईलवर कॅमेरा दिसायचा बंद झाला तर बसवणाऱ्याला बोलवा आणि यावेळी शेजारी उभं राहून विचारा, काय उघडतोयस ते. स्कॅन स्वतःच्याच पत्त्याचा करा. दुसऱ्याच्या दारावर परवानगीशिवाय ठोकाठोकी करू नका, आयटी कायदा आहे. आणि पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० वर फोन करा.

ज्यांच्याकडं असा ‘सुरक्षित’ शिक्क्याचा कागद आहे, त्यांनी वरचा आयपी पत्ता कुणाचा आहे ते बघावं. कागद कमेंटमध्ये टाकू नका, त्यात संस्थेची माहिती असते. मला इनबॉक्समध्ये फक्त एवढंच कळवा: पत्ता आपल्या संस्थेचा निघाला की परमुलखातला?