मतपेढी कोणाची?

'मतपेढी' हा शब्द आमच्या माथी कायमचा मारला गेला आहे. निवडणुकीच्या सभेत पुढारी तो वापरतात, याचे आम्हांला नवल वाटत नाही. धर्म आणि राजकारण यांचा अभ्यास करणारे विद्वानही तो न तपासता वापरतात, याचे मात्र वाटते.

या शब्दाचा जन्म मुसलमान मोहल्ल्यात झालेला नाही. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५५ साली म्हैसूरकडील एका खेड्याविषयी लिहिताना तो योजला. गावातला वजनदार माणूस आणि त्याच्यावर विसंबून असलेल्यांची मते, हा त्यांचा विषय होता. मूळ प्रश्न जमीन, जात आणि सत्तेचा होता. त्याला आमची टोपी नंतर चढवली गेली.

इतरांनी जात पाहून मत दिले तर ते 'सामाजिक समीकरण'. आम्ही मत दिले की तो 'जमातवाद'! हा दुजाभाव कोणत्या शास्त्रात बसतो? भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग कामगार वीज, सूत आणि मजुरी यांचाही विचार करून मत देत असेल, असे यांच्या मनातही येत नाही. मुसलमानांतील जातिभेदांवर इम्तियाज अहमद यांनी संपादित केलेला ग्रंथ १९७३ सालीच आला. तरीही मोमीन, बागवान, पिंजारी, तांबोळी यांना एकाच गठ्ठ्यात बांधणे चालूच आहे.

पेढीत ठेव ठेवली तर व्याज मिळते. आम्हांला काय मिळाले? २००१ च्या जनगणनेत आम्ही १३.४ टक्के होतो. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार भारतीय प्रशासन सेवेत मात्र ३ टक्के.

या गठ्ठ्याचा फायदा आमच्यातल्या धर्माच्या ठेकेदारांनाही होतो, हेही आम्ही बजावून सांगतो. शहाबानो निकालानंतर १९८६ चा कायदा करताना सरकारने त्यांचा आवाज हाच साऱ्या समाजाचा आवाज मानला. पण १९६६ साली हमीद दलवाईंच्या पुढाकाराने तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत मोर्चा काढणाऱ्या सात स्त्रियाही मुसलमानच होत्या. त्यांचे राजकारण कोणत्या पेढीत जमा करायचे?

अभ्यासकांनी आमच्याकडे जरूर यावे. पण मशिदीच्या दारातूनच परत फिरू नये. कारखान्यात, रेशनच्या रांगेत, मुलींच्या शाळेतही यावे. आणि आमच्या लिहित्या तरुण-तरुणींनी त्यांची वाट पाहत बसू नये. आपल्या समाजाचा अभ्यास आपणच मराठीतून मांडायला घ्यावा.