उन्हाला न भिणारी फुले
वसंताची चाहूल लागताच फुललेल्या कुंड्या हौसेने घरी येतात आणि चैत्राच्या उन्हात माना टाकतात. म्हणून रोप निवडताना फुलांइतकाच त्याचा काटकपणाही पाहावा.

अंगण असल्यास मध्य अमेरिकेतील पेट्रियाची वेल लावावी. तिचे गडद जांभळे फूल लवकर गळते. पण फिकट निदलांचे घोस कित्येक दिवस टिकतात. तिला भरपूर ऊन आणि भक्कम मांडव हवा.

गॅलरीत फुटबॉल लिली शोभते. या आफ्रिकी कंदाला मे महिन्याच्या सुमारास तांबड्या फुलांचा चेंडू येतो. कंद विषारी असल्याने मुलांपासून दूर ठेवावा. हिवाळ्यात पाने सुकली, तरी कुंडी रिकामी करू नये. पाणी तेवढे थांबवावे. कंद मातीखाली विसावलेला असतो.