मोटरहोम घेऊ नका, अंगण तयार ठेवा



मोटरहोममधून किनारा फिरणाऱ्या जोडप्यांचे व्हिडिओ सध्या जोरात चालतात. नवरा-बायको, मागे छोटंसं घर असलेली गाडी, सकाळी दार सरकवलं की समोर समुद्र आणि हातात चहा. बघायला छान वाटतं, मीही बघतो. पण त्यानंतर मला जे मेसेज येतात त्यांची काळजी वाटते. "सर, अशी एक गाडी घेऊन कोकणात भाड्याने द्यायची आहे, लोन किती बसेल?" एका ताईंनी तर डाऊन पेमेंटसाठी दागिने ठेवायची तयारी आहे असं कळवलं. म्हणून हा विषय व्हिडिओत पाच मिनिटांत न गुंडाळता इथे नीट लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा तुमचा पहिला धंदा असेल तर गाडी घेऊ नका. ती गाडी संध्याकाळी जिथे थांबते, ती जागा तुमची असू द्या.

आधी आकडे मांडू. समजा गाडी आणि आतलं काम धरून 25 लाखांचं कर्ज काढलं, 7 वर्षं, 11 टक्के व्याज. हप्ता येतो साधारण 42,800 रुपये. वर्षाचे झाले 5 लाख 13 हजारांच्या आसपास. आता कोकणचा सीझन बघा. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर मोटरहोम घेऊन कोणी येत नाही, पण बँकेचा हप्ता पावसाळ्यातही येतोच. उरलेल्या आठ महिन्यांत शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, मे महिना असं सगळं पकडून 90 रात्री गाडी गेली असं धरा, आणि नवीन माणसाला 90 रात्री म्हणजे भरपूर झाल्या. तर एका रात्रीमागे 5,700 रुपये फक्त हप्त्याचे. त्यात अजून ड्रायव्हर नाही, विमा नाही, परमिट नाही, टायर नाहीत, आणि खारी हवा पत्र्याला जे करते तेही धरलेलं नाही. ज्यांचा आधीपासून टूर्स-ट्रॅव्हल्सचा व्यवसाय आहे, चार गाड्या आहेत, मेकॅनिक ओळखीचा आहे, त्यांनी पाचवी गाडी म्हणून मोटरहोम जरूर घ्यावी. त्यांचं गणित वेगळं आहे. दागिने ठेवून घेणाऱ्याचं गणित हे असं आहे.

आता त्या जोडप्याचा प्रवास नीट बघा, कारण धंदा त्यात लपलेला आहे.

मुंबईतून निघालं तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, मग अलिबाग, मुरुड. आगरदांड्याहून जेट्टीने दिघी, पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून वेसवी, मग केळशी, आंजर्ले, दापोली. दाभोळहून धोपावे, गुहागर, हेदवी. तवसाळहून जयगड, मालगुंड, गणपतीपुळे, आणि आरे-वारेचा तो चढ-उताराचा रस्ता करत रत्नागिरी. चार खाड्या बोटीने ओलांडायच्या. ओहोटीला जेट्टीचा उतार वाढतो, लांब गाडीचं मागचं बूड घासतं, म्हणून भरतीची वाट बघत बसावं लागतं. मधे गावांतून जांभ्याच्या गडग्यांमधले रस्ते, वर आंब्याच्या फांद्या आणि विजेच्या लोंबत्या तारा. एसीसकट गाडीची उंची नऊ-दहा फूट जाते. अंधारात या रस्त्याने ही गाडी चालवायला कोणी धजत नाही. म्हणजे संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला दोघं मोबाईल काढून एकच गोष्ट शोधत असतात: रात्री गाडी कुठे लावायची?

पुळणीवर लावता येत नाही, लावूही नये. भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाड्यांचे फोटो तुम्ही दर सीझनला बघताच. हॉटेलच्या पार्किंगमध्ये विचारलं तर मॅनेजर म्हणतो, रूम घ्या. गाडीत गादी असताना रूम कशाला घेतील? टाकीतलं पाणी संपत आलेलं असतं, बॅटरी उतरलेली असते, आणि त्या छोट्या टॉयलेटची टाकी भरत आलेली असते. हे शेवटचं कुठल्याच व्हिडिओत दाखवत नाहीत, पण माणूस त्याच्यासाठी सगळ्यात आनंदाने पैसे देतो.

बीबीएला आम्हाला पूरक वस्तू शिकवल्या होत्या: एक विकली गेली की दुसरीला मागणी येते. मोटरहोमचं तेच आहे. हे गिऱ्हाईक अंथरूण आणि स्वयंपाकघर घेऊन फिरतं, त्याला तेच विकायला गेलात तर तो नाहीच म्हणणार. त्याच्याजवळ जे नाही, आणि गाडीत मावणारही नाही, ते विका.

हे आपल्याआधी स्कॉटलंडच्या लोकांनी अनुभवलंय. तिथे उत्तर टोकाला इन्व्हर्नेसपासून सुरू होऊन परत तिथेच येणारा 516 मैलांचा, म्हणजे साधारण 830 किलोमीटरचा किनारी रस्ता आहे. रस्ते जुनेच होते. 2015 मध्ये त्यांना जोडून 'नॉर्थ कोस्ट 500' असं नाव दिलं, जाहिरात केली आणि मोटरहोमवाल्यांची रांग लागली. मोठा भाग एकेरी रस्त्याचा, समोरून गाडी आली की बाजूच्या जागेत थांबायचं, अगदी आपल्या गुहागर-दापोलीच्या आतल्या रस्त्यांसारखं. थोड्याच वर्षांत गावकऱ्यांची तक्रार सुरू झाली. हे लोक शहरातल्या सुपरमार्केटमधून आठवड्याचा किराणा भरून येतात, रस्ता अडवतात, फुकटात रात्र काढतात, काही जण तर टॉयलेटची टाकी मिळेल तिथे रिकामी करतात, आणि गावाला एक पौंड मिळत नाही! शेवटी 2024 मध्ये तिथल्या हायलँड कौन्सिलने ठरावीक पार्किंगमध्ये रात्री थांबण्यासाठी आठवड्याला 40 पौंडांची ऐच्छिक योजना आणली.

पण त्याच रस्त्यावर काही जणांनी तक्रार करत बसण्याऐवजी गाडी कशासाठी थांबते ते ओळखलं. घराबाहेर एक पेटी, आत अंडी आणि घरचा केक, शेजारी पैशांचा डबा. माणूस नाही, विश्वासावर चालतं. डरनेस नावाच्या अगदी टोकाच्या गावाजवळ, एकेकाळी लष्करासाठी बांधलेल्या वसाहतीत कारागिरांची दुकानं आहेत, आणि तिथे एक चॉकलेट बनवणारा आहे. इतक्या लांब, वाऱ्या-पावसात लोक हॉट चॉकलेटसाठी गाडी थांबवतात. चॉकलेट शहरात मिळत नाही का? मिळतं. पण थंडीत चार तास गाडी चालवल्यावर, समुद्राच्या काठावर, कोणीतरी आयतं हातात दिलेलं गाडीत मिळत नाही.

आपल्याकडचं हॉट चॉकलेट कुठलं? माझं उत्तर: तळलेले मासे. हसू नका. बंद गाडीत, गादीपासून चार फुटांवर बांगडा तळायची हिंमत कोण करेल? वास आठवडाभर पडद्यांना राहतो. गाडीत शेगडी असते, पण ती चहा आणि मॅगीपुरती. म्हणजे ताजा मासा साफ करून, मसाला लावून, तुमच्या मागच्या पडवीत तळून गरम गरम ताटात दिला तर तो धंदा त्या गाडीशी स्पर्धा करतच नाही. सकाळी घावन-चटणी किंवा आंबोळी. शाकाहारी असतील तर काळ्या वाटाण्याचं सांबार. मोठं मेनू कार्ड छापू नका, आज जे आहे ते सांगा.

आणि पॅकिंग. दुकानदार म्हणून याबद्दल मला जास्त बोलायचंय. गाडीतला फ्रिज छोटा, कपाट छोटं. तिथे पाच डझनांची आंब्याची पेटी घेऊन दोघं काय करणार? एक डझनाचा खोका ठेवा, तोही दोन दिवसांत पिकणारा आणि आज खायचा असा मिक्स. कोकम आगळ पाव लिटरच्या बाटलीत. फणसपोळी, आंबापोळी पाव किलोत. मोठ्या पॅकला "जाताना घेऊ" असं उत्तर येतं आणि जाताना ते दुसऱ्या रस्त्याने जातात. छोटा पॅक तिथेच विकला जातो, किलोमागे भावही बरा मिळतो.

जागेचं म्हणाल तर फार काही लागत नाही, पण जे लागतं ते पक्कं लागतं. फाटक दहा फूट रुंद हवं, वर अकरा फुटांपर्यंत फांदी किंवा तार नको. आत वीस-तेवीस फुटांची गाडी सपाट उभी राहील आणि वळून बाहेर पडेल एवढी जागा. जांभा घातलेला असेल तर उत्तम. एक स्वतंत्र 16 अँपिअरचा पॉइंट, चांगलं अर्थिंग, एमसीबी आणि शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी. इथे स्वस्तातला वायरमन शोधू नका, ओल्या अंगणात रात्रभर माणसं झोपणार आहेत. रात्रभर एसी चालला तर सहा-आठ युनिट जातात, ते दरातच धरा. आणि वीज धंद्यासाठी वापरताय तर मीटर कुठल्या दरात बसेल हे महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा. पाण्याचा नळ, कपडे वाळवायला दोरी, गरम पाण्याची स्वच्छ बाथरूम.

टॉयलेटची टाकी रिकामी करायला सेप्टिक टँकला झाकणाचं एक तोंड काढून घ्या, विहिरीपासून लांब. काही गाड्यांत जे रसायन वापरतात त्याने सेप्टिक टँकमधले जिवाणू मरतात आणि तुमची टाकी तुंबते. तेव्हा कुठलं लिक्विड आहे ते विचारा, बायो नसेल तर घेऊ नका. कडक राहा.

भाड्याच्या मोटरहोमसोबत बहुतेक वेळा ड्रायव्हर असतो, आणि त्याच्या झोपण्याचा विचार कोणीच केलेला नसतो. जोडपं आत, तो बिचारा बाहेर खुर्चीवर. त्याला पडवीत खाट, पंखा, अंघोळीची सोय आणि जेवण द्या, परवडेल तेवढेच पैसे घ्या. पुढच्या पाहुण्यांना रात्री कुठे थांबवायचं हे तोच ठरवतो.

आता कमाई. मोठे आकडे दाखवणार नाही. समजा या सगळ्याला 1,20,000 खर्च आला. पहिल्या वर्षी 40 रात्री गाड्या आल्या, गाडीमागे 700 रुपये, माणशी नाही, कारण माणसं दोनच असतात. झाले 28,000. जेवण-नाश्त्यात रात्रीमागे 400 सुटले तर 16,000, आणि आंबापोळी-आगळ वगैरेत 200 प्रमाणे 8,000. विजेचे 4,000 वजा. हातात 48,000. म्हणजे अडीच वर्षांत खर्च निघतो. यावर घर चालत नाही. पण नापास झालात तरी अंगण, बाथरूम आणि वायरिंग तुमचंच राहतं, आणि मंगळसूत्र गळ्यातच असतं. शिवाय तेच अंगण कारच्या टपावर तंबू लावणाऱ्यांना चालतं, बायकर्सना चालतं. आज कोकणात मोटरहोम मोजक्याच फिरतात, म्हणून फक्त त्यांच्यासाठी काही बांधूच नका.

"सर, मग सरकारी योजना?" महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं. त्यात गाडीइतकाच कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे, आणि खाजगी जागेवरही तो करता येतो. सगळे गाडीच्या मागे धावतात, पार्कचं पान कोणी उलटत नाही. पर्यटन संचालनालयाच्या कार्यालयात जाऊन नोंदणीची माहिती घ्या. समुद्राला लागून जागा असेल तर सीआरझेडमध्ये काय चालतं तेही ग्रामपंचायतीत आणि तहसीलला विचारून घ्या, बांधून झाल्यावर नको.

एक गोष्ट राहिली. काही खाड्यांवर पुलांची कामं निघाली आहेत. पूल झाला की जेट्टीवरची रांग संपेल, आणि रांगेतल्या लोकांवर चालणारी टपरी अडचणीत येईल. तुमची जागा जेट्टीच्या तोंडाशी असेल तर हे आत्ताच धरा.

दिवाळीला अजून वेळ आहे. या रविवारी टेप घेऊन फाटक मोजा, वरची फांदी मोजा, आणि ओळखीच्या कोणाचा तरी टेम्पो ट्रॅव्हलर आत आणून वळवून बघा. वळला तर गुगल मॅपवर जागा टाका. फोटोत समुद्र नंतर दाखवा, पहिला फोटो फाटकाचा, आणि खाली लिहा: "23 फुटांची गाडी आत येते, वळते. पाणी, वीज आहे. संध्याकाळी सहापर्यंत फोन करा, मासे त्यानुसार आणतो."