भाड्याचे घर आणि त्याचा ताप

मांजलपुरात भाड्याने घर घ्यावयाचे म्हणजे कागदपत्रांचा एक लहानसा यज्ञच असतो. अकरा महिन्यांचा करार, मुद्रांक, अनामत, भाडेकरूची पोलिसांत नोंद, ओळखपत्रांच्या प्रती. एवढ्या कागदांतून भाडेकरू कोण आहे हे घरमालकास पुरते कळते. घर कसे आहे हे भाडेकरूस सांगणारा कागद मात्र त्यांत एकही नसतो. २००६ साली सुरू झालेल्या योजनेमुळे फ्रिज किती वीज खातो हे त्यावरील तारे मोजून समजते. ज्या घरात तो ठेवावयाचा, त्या घरास तारे नाहीत.

इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपैकी जे तेथे घर भाड्याने देतात, त्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये ऑक्टोबर २००८ पासून भाड्याच्या घरास ऊर्जाविषयक दाखला लागतो. 'ए' ते 'जी' अशा सात श्रेणी. दाखला दहा वर्षे चालतो. १ एप्रिल २०१८ पासून 'ई'पेक्षा खालच्या श्रेणीचे घर नव्या भाडेकरूस देता येत नाही, आणि १ एप्रिल २०२० पासून हा निर्बंध जुन्या करारांनाही लागू झाला. काही सवलती आहेत, पण त्यांचीही रीतसर नोंद करावी लागते. राहणाऱ्याची उधळपट्टी वा काटकसर त्यात धरीत नाहीत. छप्पर, भिंती, खिडक्या, उष्णतेची साधने अशा गोष्टी पाहतात. हे आम्हांस विशेष आवडले.

तिकडे थंडीचे भय, इकडे उन्हाचे, पेच एकच. घर बांधतो व दुरुस्त करतो मालक, विजेचे बिल भरतो भाडेकरू. गच्चीला पांढरा लेप द्यावा किंवा चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी बसवावी, तर खर्च मालकाचा आणि गारवा भाडेकरूचा. मग मालकाने हात का सैल सोडावा? वैशाखात वरच्या मजल्यावरील स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता खाली सोडीत राहतो. पंखा ऊन वाराच फिरवितो. दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांच्या जाड भिंती व चौक ह्यांत दुपार सुसह्य होई; अंधार व ओल मात्र त्यांतही होती, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे नियम अगदीच नाहीत असे नव्हे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे. घरांसाठी 'इको-निवास संहिता' १४ डिसेंबर २०१८ रोजी आली. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात छप्पर वगळून भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटहून अधिक नसावी, असे ती सांगते. छपरासाठी वेगळी मर्यादा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणल्या. परंतु संहितेचा रोख नव्या व मोठ्या बांधकामांवर आहे. तीस वर्षांपूर्वी बांधून आज भाड्याने दिलेल्या दोन खोल्यांना ती काही विचारीत नाही.

आमच्या मते गच्चीचा खर्च मालकानेच करावा आणि त्यापोटी भाडे थोडे वाढवावयाचे असल्यास करारात तसे उघड लिहावे. तोवर घर पाहावयास जाणाऱ्याने दुपारी तीनच्या सुमारास जावे, पश्चिमेची भिंत हाताने चाचपावी, आणि त्या घराची मागील उन्हाळ्याची व हिवाळ्याची बिले मालकाकडे निःसंकोच मागावी. आधीच्या बिऱ्हाडात माणसे किती होती आणि वातानुकूलन यंत्र होते काय, एवढे मात्र त्यासोबत विचारून घ्यावे.