विस्तार आणि शेजार

‘वन पीस’ या जपानी ॲनिमे मालिकेवर आधारलेला ‘वर्ल्ड सीकर’ हा व्हिडिओ गेम २०१९ सालीं निघाला. त्यासाठीं मूळ चित्रकथाकार एइचिरो ओदा यांनीं नवीं पात्रेंहि रेखाटलीं. रबरी अंगाचा चांचा लुफी हात लांबवीत विस्तीर्ण बेटावर मोकळा हिंडतो. परीक्षकांनीं रंगरूप वाखाणिलें. परंतु बेट ओसाड व कामगिऱ्या त्याच त्या, असा दोषहि दाखविला. चाहत्यांस हा न्याय कठोर वाटेल. मला तो रास्त वाटतो. मूळ कथेंत लुफीच्या प्रवासास अर्थ येतो तो सोबत्यांमुळें. येथें मुख्य कथेंत खेळणारास लुफीवांचून दुसरें कोणी होतां येत नाहीं. विद्यार्थ्यांनो, नुसतें मोकळें रान म्हणजे स्वातंत्र्य नव्हे; जेथें शेजारी भेटतो, तेथेंच हिंडण्याचें सार्थक होतें.