चालवणार ती, ठरवणार कोण?

परवा संध्याकाळी शेजारची मैत्रीण हातात दोन माहितीपत्रकं घेऊन आली आणि सोफ्यावर धपकन बसली. "तूच सांग बाई आता. ह्यांचं म्हणणं नेक्सॉन घ्यायची, तीही डिझेल. भाऊजी म्हणतात ब्रेझा, मारुती म्हणजे निर्धास्त. पंधरा दिवस घरात दुसरा विषय नाही."

मी विचारलं, "आणि तुझं काय म्हणणं?"

ती हसली. "मला कोणी विचारलंच नाही गं."

मैत्रिणींनो, गंमत बघा. तिचा नवरा सकाळची फास्ट लोकल पकडून मुंबईला जातो, तो रात्रीच परततो. १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला, तेव्हा आठवडाभर त्याने "आता गाडीनेच जाणार" असं म्हणून पाहिलं. मग मुलुंडच्या आधीची रांग बघितली आणि मुकाट्याने पुन्हा प्लॅटफॉर्मवर उभा राहिला. म्हणजे नवी गाडी रोज चालवणार कोण? तर हीच. मुलीला शाळेत सोडायचं, सासूबाईंना कल्याणला डॉक्टरांकडे न्यायचं, मानपाडा रोडवरून किराणा आणायचा, संध्याकाळी क्लासच्या फेऱ्या. वर्षातून तीन-चार वेळा कसारा घाट चढून नाशिकला माहेरी. ज्या व्यक्तीचे हातपाय रोज या गाडीवर चालणार, तिचं मत सोडून बाकी सगळ्यांची मतं घेऊन झाली होती!

हे एका घरचं नाही. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात विकल्या गेलेल्या दर शंभर प्रवासी गाड्यांपैकी सुमारे ६५ गाड्या एसयूव्ही आणि मोठ्या कुटुंबाच्या गाड्यांच्या गटातल्या होत्या. ठाण्यात घोडबंदर रोडला बघा, कल्याणला खडकपाड्यात बघा, उंच गाड्यांची नुसती रीघ. मग ही निवड नीट समजून घेतलेली बरी.

चार मीटरची गोष्ट

या दोन्ही गाड्यांची लांबी माहितीपत्रकात पाहिलीत तर ती तंतोतंत सारखी निघते, ३९९५ मिलिमीटर. हा योगायोग नाही. २००६च्या अर्थसंकल्पात सरकारने 'छोट्या गाडी'ची व्याख्या केली. चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत इंजिन. अशा गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. तेव्हापासून कंपन्यांनी गाड्या या मापात बसवायला सुरुवात केली, जशी आपण ब्लाउजपीसमध्ये बाही बसवतो तशी. 'छोटी एसयूव्ही' हा प्रकार फोफावला तो बराचसा या करामुळे.

पुढे जीएसटी आला तरी व्याख्या तीच राहिली. आणि २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू झाले. छोट्या पेट्रोल गाडीवर आधी अधिभार धरून २९ टक्के कर होता, डिझेलवर ३१. दोन्हींवर तो १८ टक्के झाला. व्याख्येत न बसणाऱ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के.

आता आपल्या दोन गाड्या बघा. नेक्सॉनचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचं, म्हणजे छोट्या गाडीत बसतं. ब्रेझाचं १४६२ सीसीचं. लांबी बसते, इंजिन बसत नाही! असं का झालं? ब्रेझा २०१६ मध्ये आली तेव्हा फक्त डिझेलवर होती, १२४८ सीसीची, तेव्हा ती व्याख्येत चपखल बसत होती. १ एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले, मारुतीने डिझेल इंजिनं बंद केली आणि ब्रेझाला दीड लिटरचं पेट्रोल इंजिन मिळालं. तिथे ती 'मोठी' ठरली. तिच्यावरचा कर ४५ टक्के होता, तो ४० झाला.

साधा हिशेब करू. करापूर्वीची किंमत दोन्हींची ८ लाख धरा. पहिल्या गाडीचा कर २९वरून १८वर आला म्हणजे ८८ हजार वाचले. दुसरीचा ४५वरून ४०वर आला म्हणजे ४० हजार. शिवाय आज १८ आणि ४० टक्क्यांमधला फरक आठ लाखांवर पावणेदोन लाख होतो. अर्थात कंपनी मूळ किंमत कमी-जास्त ठेवून हा फरक भरून काढते, म्हणून दुकानातल्या भावात तो एवढा दिसत नाही. पण तुमच्या पैशातला किती भाग गाडीत जातोय आणि किती करात, हे कळलं की घासाघीस करायला बळ येतं. "जीएसटी कमी झालाय, आता स्वस्त मिळेल," असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, कोणत्या गाडीवर आणि किती?

आपला रस्ता, आपलं इंजिन

नवऱ्याला डिझेल हवं होतं ते ताकदीसाठी. ताकद आहेच, वादच नाही. पण बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडकवणारी एक जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात काही काळ पळावी लागते. आपल्याकडे शाळा दोन किलोमीटरवर, बाजार दीडवर, ठाकुर्लीच्या पुलाशी थांबा, कल्याण-शीळ रस्त्यावर पुन्हा थांबा. अशा तुटक फेऱ्यांत ही जाळी तुंबते, दिवा लागतो आणि गॅरेजची वारी घडते. रोज पुण्याला किंवा नाशिकला जाणाऱ्याने डिझेल घ्यावं. डोंबिवलीतल्या डोंबिवलीत फिरणारीने डिझेलच्या वाटेला जाऊ नये.

मायलेजचं म्हणाल तर कागदावर दोन्ही पेट्रोल गाड्या लिटरला १७ ते २० किलोमीटरच्या दरम्यान आहेत. आपल्या गर्दीत १२ मिळाले तरी देवाला नारळ! रोजचे ३० किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस म्हणजे ७५० किलोमीटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिना साडेसहा हजार. सीएनजी ८० रुपये किलो आणि किलोला १८ किलोमीटर धरले तर सव्वातीन हजारांच्या आसपास. दोन्ही गाड्या सीएनजीवर मिळतात. ब्रेझा २०२३पासून, नेक्सॉन २०२४पासून. नेक्सॉनने एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी आडव्या ठेवल्या, त्यामुळे सामानाला जागा उरते. गणपतीला गावी जाताना बॅगा कुठे ठेवायच्या, हा प्रश्न सीएनजीवाल्यांना विचारून बघा. मात्र पंपावरची रांगही धरा हिशेबात. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुख्य गॅसवाहिनीला धक्का बसला आणि मुंबई-ठाण्यातल्या पंपांवर रिक्षा-टॅक्सींच्या रांगा लागल्या, ते विसरू नका.

दुसरी गोष्ट डाव्या पायाची. घोडबंदर रोड असो की कल्याण-शीळ, मेट्रोच्या कामांनी गेली काही वर्षं क्लच दाबून दाबून गुडघ्याची वाट लागली आहे. चाळिशीनंतर ऑटोमॅटिकचा विचार हा चोचला नव्हे. पण सगळी ऑटोमॅटिक सारखी नसतात. ब्रेझाची टॉर्क कन्व्हर्टर जातीची, सहा गिअरची. गर्दीत लोण्यासारखी चालते. नेक्सॉनमध्ये दोन प्रकार. स्वस्तातली एएमटी, जी गिअर बदलताना हलकासा हिसका देते, आणि महागातली दोन क्लचची, जी सफाईने बदलते. विक्रेता नुसतं 'ऑटोमॅटिक' म्हणेल. कोणती, हे विचारायचं काम आपलं.

तारे आणि पट्टे

नेक्सॉन २०१८च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय बनावटीची गाडी ठरली. २०२४ मध्ये सुधारित गाडीनेही ग्लोबल एनकॅप आणि आपल्या भारत एनकॅप, दोन्हींकडे पाच तारे मिळवले. जुन्या विटारा ब्रेझाला २०१८ मध्ये चार तारे होते. पण २०२२ची ब्रेझा बदललेली गाडी आहे, तेव्हा जुने तारे तिला चिकटवू नका. चाचणीचा निकाल नेमका आपण घेतोय त्या मॉडेलचा आहे का, ते भारत एनकॅपच्या संकेतस्थळावर मुलांना बघायला सांगा.

आणि एक मात्र पक्कं, तारे पट्टा लावणाऱ्यालाच उपयोगी पडतात. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी महागडी आणि मजबूत होती. ते मागे बसले होते, पट्टा नव्हता. आपल्याकडे सासूबाई मागे, नातवंड मांडीवर, आणि पट्टा सीटखाली खोचलेला. गाडी बघायला जाल तेव्हा मागचा पट्टा ओढून लावून बघा. साडीवर नीट बसतो का, आजींना एकटीला लावता येतो का?

आपल्यासाठी आणखी एक. उंची कमी असली की आपण सीट पुढे ओढून स्टिअरिंगला चिकटून बसतो. एअरबॅग फुगते ती जोरात, म्हणून छाती आणि स्टिअरिंग यांच्यात किमान दहा इंच अंतर हवं. सीट वर-खाली होते का, पाय पोचूनही हे अंतर राहतं का, ते त्या सीटवर बसूनच कळेल. नवऱ्याने बसून ते कळणार नाही!

टेप घेऊन खाली उतरा

नेक्सॉनची रुंदी १८०४ मिलिमीटर, ब्रेझाची १७९०. दोघींत दीड सेंटिमीटरचाही फरक नाही. पण घरात आत्ता वॅगन-आर असेल तर ती १६२० आहे. म्हणजे नवी गाडी जवळजवळ वीतभर रुंद. आपल्या जुन्या इमारतींच्या दोन खांबांमध्ये ती बसेल, पण दार उघडून उतरता येईल का? आधी टेपने मोजा. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी पार्किंगचा दाखला असल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही, असं जाहीर केलं होतं. नियम येवो न येवो, जागा लागतेच.

चाचणीसाठी गाडी शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर फिरवू नका. शाळा सुटायच्या वेळी घरी मागवा. पुलाच्या चढावर थांबवा आणि पुन्हा सोडा, आपल्याच खांबांमध्ये रिव्हर्स घाला, सासूबाईंना चढायला-उतरायला सांगा. चिपळूण, मिरज किंवा जळगावला राहणाऱ्या मैत्रिणींनी आपापला रस्ता घ्यावा, पद्धत तीच. शिवाय जवळचं सर्व्हिस सेंटर किती अंतरावर आहे, हे लहान गावात ताऱ्यांइतकंच महत्त्वाचं. तिथे मारुतीचं जाळं मोठं, हे भाऊजींचं म्हणणं खोटं नाही.

हप्त्याचंही बघा. ८ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १२,८७० रुपयांच्या आसपास, पाच वर्षांसाठी १६,६००. सात वर्षांचा हप्ता गोड वाटतो, पण व्याज सुमारे ८५ हजारांनी जास्त जातं.

कागद कोणाच्या नावावर?

आणि आता जे कोणीच बोलत नाही ते. मोटार विम्यात मालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच सक्तीचं आहे. ते मिळतं नोंदणीकृत मालकाला, त्याच्याकडे परवाना असेल तर. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि चालवणार बायको, अशी स्थिती असेल तर ती चालवत असताना हे १५ लाखांचं कवच तिला आपोआप लागू होत नाही. रोज गर्दीत जीव मुठीत धरून गाडी हाकणारी ती, आणि कवच लोकलने जाणाऱ्याला! म्हणून गाडी तिच्या नावावर घ्या, नाहीतर तिच्यासाठी वेगळं कवच आहे का, ते पॉलिसी घेतानाच विचारा. नोंदणी करताना वारसाचं नावही घालता येतं, ते घाला. आणि आपल्याकडचा पावसाळा बघता, पाण्याने इंजिन बिघडलं तर त्याचं जादा कवच आहे का, हेही विचारा.

मैत्रिणीने दोन्ही गाड्या घरी मागवल्या. दुपारी एक वाजता शाळेच्या गल्लीत फिरवल्या. शेवटी नेक्सॉन ठरली, पण पेट्रोल आणि दोन क्लचची ऑटोमॅटिक. कसारा घाट आणि मागे बसणाऱ्या सासूबाई, यांच्यासाठी ताऱ्यांना तिने जास्त गुण दिले. मी ठाण्याबाहेर क्वचितच जाते, गर्दीतला आराम बघते. मी तिच्या जागी असते तर ब्रेझाकडे झुकले असते. दोघींचंही बरोबर, कारण दोघींनी आपापला रस्ता बघितला.

नोंदणी तिच्या नावावर झाली. नवरा म्हणाला, "मग माझं काय?" ती म्हणाली, "तुम्ही बसा की मागे. पट्टा लावून."