मनोबल कुठून येते?



मागच्या महिन्यातील गोष्ट. रविवारची वंदना आटोपून आम्ही बायाबायका विहाराबाहेर चपला शोधत होतो. एवढ्यात एक मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. नेरूळला वसतिगृहात राहून शिकते, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मूळ बीड जिल्ह्यातली. दसरा-दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. ती हळूच म्हणाली, "मावशी, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचार की बाळ."

"आमच्या कॉलेजात तणावमुक्तीचा कार्यक्रम झाला. एक पाहुणे आले होते. त्यांनी डोळे मिटून श्वासाकडं बघायला लावलं. लई बरं वाटलं. मग ते म्हणाले, आज तुम्ही ज्या परिस्थितीत आहात ते तुमच्या मागच्या जन्मीच्या कर्माचं फळ आहे, ते हसत स्वीकारा म्हणजे सुखी व्हाल. मावशी, माझ्या आईच्या हाताला कोयत्यानं घट्टे पडलेत. ते कोणत्या जन्मीचे?"

मला लगेच उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. आम्ही दोघी चालत चालत स्टेशनकडे निघालो. वाटेत चहा घेतला. मग बाकीचे बाहेर पडले. वसतिगृहात आल्यावर पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलीने विचारले होते, "तुला मार्क किती? कोणत्या कोट्यातून आलीस?" तेव्हापासून ही खोलीत शिरली की चाललेल्या गप्पा थांबतात. कोणी शिवी देत नाही, कोणी हात उगारत नाही. नुसत्या गप्पा थांबतात. घरी हे सांगितलेले नाही. आईचा फोन आला की ही म्हणते, "सगळं बरं हाय."

भगिनींनो, आज नवी मुंबईत वाशी, नेरूळ, बेलापूर या भागांत मोठमोठी महाविद्यालये आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आपली लेकरे येथे येतात. त्यातील कित्येक जण घरातून कॉलेजची पायरी चढणारे पहिलेच. त्यांच्यासाठी आता कॉलेजांमध्ये अध्यात्म, आनंद, मनःशांती असे कार्यक्रम होतात. ते व्हावेत. त्यांना नाके मुरडणारी मी नाही. पण त्या शिदोरीतले काय खावे आणि काय टाकून द्यावे, हे मुलांना घरातून कळले पाहिजे.

आधी 'अध्यात्म' हा शब्दच बघा. त्यात आत्मा आहे. तथागतांनी आत्मा मानला नाही. मग आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे 'भावना' आहे. पालीमध्ये भावना म्हणजे वाढवणे, जोपासना करणे. शेताची मशागत करतात तशी चित्ताची मशागत. शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या लेकीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नांगरट रोजची असते आणि ती ज्याची त्यानेच करायची असते.

म्हणून त्या पाहुण्यांनी श्वासाकडे बघायला लावले ते चांगलेच केले. आनापान हे आपलेच धन आहे. महाराष्ट्र शासनाने 'मित्र उपक्रमा'तून ते शाळांमध्येही नेले. इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांवर याची परीक्षा घेतली गेली. निम्म्यांना आठ आठवडे सजगतेचे शिक्षण मिळाले, आणि ऐन परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या मनाला इतरांपेक्षा कमी त्रास झाला. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्याच देशात आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर दुसरा प्रयोग झाला. तेथे हे शिक्षण वर्गात सरसकट सगळ्यांना दिले होते. २०२२ साली निष्कर्ष आले, फायदा काही दिसला नाही. केंब्रिजची मुले आपणहून नाव नोंदवून आली होती आणि शाळेतल्या मुलांना तासाला बसवले होते. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नाही. तेव्हा घरात मुलाला मान धरून ध्यानाला बसवू नका, एवढे मी सांगेन. "एहि पस्सिक" म्हणजे ये आणि पाहा. ओढून आणा, असा त्याचा अर्थ नाही.

आता दुसरी गोष्ट, मागच्या जन्मीच्या कर्माची. येथे मात्र गप्प बसून चालणार नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी या प्रश्नाची नीट चिरफाड केली आहे. आजची गरिबी, आजचे हीनपण हे मागच्या जन्मीचे फळ मानले की माणसाच्या प्रयत्नाला जागा उरत नाही आणि समाजाला जाब विचारता येत नाही, म्हणून असा सिद्धांत बुद्धाचा असूच शकत नाही, अशी त्यांची मांडणी आहे. कर्म आहे, पण ते या जन्मीचे, आपण करतो ते. आईच्या हाताचे घट्टे मागच्या जन्मीचे नाहीत. ते उचलीचे आहेत. मुकादमाकडून उचल घेतली, ती फेडायला सहा महिने फडात राबावे लागते. मुलीला हे कळले तर तिच्या पाठीचा कणा ताठ राहील. उलटे कळले तर ती आईकडे बघून लाजेल.

उचलीवरून आठवले. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. कष्टाने मिळवलेले जवळ असणे, ते स्वतःसाठी व सत्कर्मासाठी वापरता येणे, कोणाचे देणे नसणे आणि आचरण निर्दोष असणे. यात निर्दोष आचरणाचे सुख सर्वांत मोठे म्हटले आहे, पण देणे नसणे हेही सुख म्हणून मोजले आहे. सुखाची गोष्ट काढताना पैशाचा विषय टाळणाऱ्यांनी हे वाचावे. त्या मुलीला शासनाच्या स्वाधार योजनेचे पैसे मिळतात. ही योजना २०१६-१७ साली सुरू झाली. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती आहे. मुंबई, नवी मुंबईसारख्या शहरांसाठी तेव्हा वर्षाला ६०,००० रुपये ठरले होते. मुलगी म्हणाली, "त्या पैशामुळं आईनं माझ्या नावावर उचल घेतली नाही." सांगताना ती त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

पण मनोबल नुसत्या श्वासाने येत नाही, नुसत्या पैशानेही येत नाही. बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. आपण त्यांच्या पदव्या मोजतो, मधली सहा वर्षे विसरतो. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांची पुस्तके ज्या जहाजात होती ते टॉर्पेडोने बुडवले गेले. बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि एवढा शिकलेला माणूस रडला. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. भगिनींनो, बाबासाहेब रडले होते, हे आपण आपल्या मुलांना का सांगत नाही?

पुढे ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पै पै साठवली आणि १९२० साली पुन्हा लंडनला गेले. पैसे पुरत नव्हते. शाहू महाराजांनी मदत केली. पाच हजार रुपये उसने दिले ते मित्र नवल भथेना यांनी. हे भथेना पारशीच होते. ज्या समाजाच्या विश्रामगृहातून हाकलले, त्याच समाजातला मित्र पाठीशी उभा राहिला. १९२३ साली लंडनची डी.एस्सी. मिळाली. जिद्द बाबासाहेबांची, यात शंकाच नाही. पण त्या जिद्दीला हात देणारे होते. आनंदाने एकदा तथागतांना म्हटले, कल्याणमित्र लाभणे म्हणजे अर्धे ब्रह्मचर्यच. तथागत म्हणाले, असे म्हणू नकोस आनंदा, ते अर्धे नाही, सगळे ब्रह्मचर्य त्यातच आहे. आपल्या वसतिगृहातल्या मुलीला हाच सवाल आहे. गप्पा थांबतात त्या खोलीत तिला कल्याणमित्र कुठून मिळावा?

मी तिला ऐरोलीला जा म्हटले. तेथे महानगरपालिकेचे बाबासाहेबांचे स्मारक २०२१ साली खुले झाले. त्यात मोठे ग्रंथालय आहे, ध्यानासाठी दालन आहे. नेरूळहून ठाण्याच्या गाडीत बसले की ऐरोली. पुस्तकासाठी जाशील तर पुस्तक वाचणारे आणखी चौघे भेटतील, एवढाच माझा हिशेब. विहारातही रविवारी वंदना झाल्यावर मुलांसाठी अर्धा तास ठेवावा, असे मी आमच्या मंडळात सुचवले आहे. त्यात भाषण नको. चहा आणि गप्पा हव्यात. आमच्या लोकांना माईक दिसला की भाषण सुचते, हा आपला जुना रोग.

आता थोडे आईबापांना. बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करीत, हे वाक्य आपण लेकरांच्या डोक्यावर दगडासारखे ठेवतो. जयंतीला अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात, ते चांगलेच आहेत. वर्षातून एक दिवस. पण सोण नावाच्या भिक्खूची गोष्टही सांगा. त्याने इतका आटापिटा केला की चालून चालून पायातून रक्त आले, तरी मन शांत होईना. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी विचारले, तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर? बाबासाहेबही उतारवयात व्हायोलिन शिकले, कुत्री पाळली, बागेचा शौक केला. मुलगा तासभर क्रिकेट खेळला म्हणून त्याला बापाच्या घामाची आठवण करून देऊ नये. फोनवर "मार्क किती पडले?" याआधी "कोणाबरोबर जेवलास?" असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर "एकटाच" असे चार दिवस आले, तर पाचव्या दिवशी गाडी पकडून भेटायला जावे.

कारण एकटेपणा कुठपर्यंत नेतो ते आपण पाहिले आहे. २०१६ साली हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. त्यांच्या आया, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, घरात बसून राहिल्या नाहीत. दोघींनी मिळून २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की महाविद्यालयांतील जातिभेद थांबावा, त्यासाठी असलेले नियम अमलात यावेत. आपली लेकरे परत येणार नव्हती. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी त्या उभ्या राहिल्या. मनोबल कशाला म्हणतात असे मला कोणी विचारले तर मी या दोघींकडे बोट दाखवते.

नियम आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच सांगितले, की प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा आणि भेदभावाच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी असावा. आपल्या कॉलेजात तो कोण, हे मुलांनी प्रवेश घेतल्याबरोबर विचारून ठेवावे. मन फारच खचले, झोप उडाली, जगू नये असे वाटू लागले, तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येते. डॉक्टरकडे जाण्यात लाज कसली? ताप आला तर जातोच ना? ध्यान करणाऱ्यालाही औषध लागू शकते. तथागतांसाठीही जीवक वैद्य होता.

त्या मुलीला मी एवढे सगळे एका चहात सांगू शकले नाही. थोडे सांगितले, उरलेले येथे लिहिले. ती ऐरोलीला दोनदा जाऊन आली. खोलीत गप्पा अजून थांबतात. परवा तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, त्या अधिकाऱ्याचं नाव कॉलेजात तीन ठिकाणी विचारलं, कुणालाच ठाऊक नाही. अर्ज करू का?"

"कर की," मी म्हटले.

"कसा लिहायचा ते दाखवाल?"

येत्या रविवारी वंदना झाली की आम्ही दोघी बसणार आहोत. तिला म्हटले आहे, कोरे कागद दोन आण. एक प्रत आपल्याजवळ ठेवायची, तिच्यावर पोच घ्यायची.